जेम्स हॅरिसनला स्टीलर्सच्या दालनात जागा का मिळायला हवी: एक प्रकरण

पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 'हॉल ऑफ ऑनर'मध्ये २०२५ साली तिघांची निवड झाली: क्वार्टरबॅक (चढाईत चेंडू फेकणारा) बेन रॉथलिसबर्गर, सेंटर (चेंडू क्वार्टरबॅककडे देणारा) मॉर्कीस पाउन्सी आणि लाइनबॅकर (बचावफळीतला) जोई पोर्टर. तिघांच्याही नावाला हरकत घ्यावी असं काही नाही. पण या यादीत एक चौथं नाव नव्हतं आणि निवडलेल्यांपैकी दोघांचा त्या नावाशी थेट संबंध आहे. २००७ मध्ये संघाने पोर्टरला सोडलं, तेव्हा त्याच्या जागी उभा राहिला तो जेम्स हॅरिसन. डिसेंबर २०१७ मध्ये हाच हॅरिसन न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला, तेव्हा 'याने इथली आपली पुण्याई स्वतःच्याच हाताने पुसली' अशा अर्थाचं पत्रकारांना सुनावणारा खेळाडू म्हणजे पाउन्सी.

म्हणजे ज्याची खुर्ची घेतली तो आत गेला, ज्याने दार लावून घेतलं तोही आत गेला आणि हॅरिसन २०२५ च्या यादीपर्यंत बाहेरच राहिला. एखाद्या संघाने आपल्या जुन्या खेळाडूंपैकी कुणाला मानाचं पान द्यावं, हे तपासायला याच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं दिसत नाही.

आधी दालनाचे नियम, कारण वादातले निम्मे लोक ते न वाचताच बोलतात. स्टीलर्सनी हे दालन २०१७ मध्ये सुरू केलं. संघ १९३३ पासूनचा. तेव्हा पहिल्याच वर्षी मागची बाकी फेडावी तसे २७ जण एकदम घेतले आणि त्यानंतर दरवर्षी मोजकी नावं येत गेली. खेळाडूसाठी दोन अटी आहेत. स्टीलर्सकडून किमान तीन हंगाम खेळलेला असावा आणि निवृत्त होऊन किमान तीन वर्षं झालेली असावीत. निवड करते ती मालक रूनी कुटुंब आणि संघाशी वर्षानुवर्षं जोडलेली काही माणसं यांची छोटी समिती. चाहत्यांचं मतदान वगैरे भानगड नाही.

कँटनमधल्या राष्ट्रीय 'हॉल ऑफ फेम'मध्ये असण्याचीही अट नाही. हे महत्त्वाचं आहे. एल. सी. ग्रीनवूड हा सत्तरच्या दशकातल्या त्या दरारा असलेल्या बचावफळीचा खांब. कँटनच्या अंतिम यादीत अनेकदा येऊनही त्याची तिथे कधी निवड झाली नाही. स्टीलर्सनी मात्र त्याला पहिल्याच तुकडीत घेतलं. अँडी रसेल आणि डिक होक यांचंही तेच. थोडक्यात, देशाने कुणाला किती मानलं याच्याशी या दालनाला कर्तव्य नाही. इथे हिशेब फक्त संघाचा.

या हिशेबात हॅरिसन कुठे बसतो?

त्याची सुरुवात कुणाच्याही डोळ्यात भरावी अशी नव्हती. केंट स्टेट या मोठा दबदबा नसलेल्या विद्यापीठातून तो २००२ मध्ये बाहेर पडला. संघ विद्यापीठांतल्या खेळाडूंमधून पाळीपाळीने निवड करतात त्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत कुणी त्याचं नाव पुकारलं नाही. उंची जेमतेम सहा फूट. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या बाहेरच्या लाइनबॅकरसाठी ही कमीच समजली जाते. स्टीलर्सनी त्याला घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. मग बाल्टिमोर रेव्हन्सनी घेतलं, जर्मनीतल्या ऱ्हाइन फायर संघाकडे खेळायला धाडलं आणि परत आल्यावर त्यांनीही काढून टाकलं. २००४ मध्ये स्टीलर्सचा क्लार्क हॅगन्स वजनं उचलताना हाताला दुखापत करून बसला, म्हणून ऐनवेळी हॅरिसनला बोलावणं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला सामन्याआधीच्या हाणामारीत पोर्टरला मैदानाबाहेर काढलं, तेव्हा त्याच्या जागी हॅरिसन पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. दुसऱ्याचा हात दुखावणं आणि तिसऱ्याचं डोकं फिरणं, अशा दोन आयत्या संधींवर ही कारकीर्द उभी आहे.

२००७ मध्ये जागा कायमची मिळाली. त्या हंगामात स्टीलर्स आपलं ७५ वं वर्ष साजरं करत होते. ५ नोव्हेंबरला सोमवारच्या रात्रीचा सामना, जुने दिग्गज पाहुणे म्हणून हजर आणि समोर तेच रेव्हन्स ज्यांनी याला घरी पाठवलं होतं. हॅरिसनने त्या रात्री साडेतीन सॅक केले, तीनदा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सोडवला आणि एक पास मधल्यामध्ये पकडला. सामना ३८-७. उट्टं काढणं म्हणतात ते हेच. (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला मागच्या मागे आडवं करणं. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा, म्हणून आकड्यांत ते 'साडे' येतं.)

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, १६ सॅक आणि लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू हा किताब. ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेल्या खेळाडूला हा किताब त्याआधी कधी मिळालेला नव्हता.

आणि मग १ फेब्रुवारी २००९, टँपा, ४३ वा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. हा प्रसंग सविस्तर सांगायलाच हवा, कारण प्रकरणाचा निम्मा जीव त्यात आहे. पहिला अर्धा संपायला १८ सेकंद उरलेली. स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेच्या अगदी तोंडाशी. टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) झाला तर आघाडी ॲरिझोनाची. बचावाचे प्रशिक्षक डिक लबो यांनी चढाई सांगितलेली, म्हणजे हॅरिसनने सरळ क्वार्टरबॅकवर धावून जायचं. तो एक पाऊल पुढे गेल्यासारखं करतो आणि थांबतो. कर्ट वॉर्नर घाईत फेकणार, जवळच फेकणार आणि आपण पोचेपर्यंत चेंडू हातातून गेलेला असणार, एवढं त्याने ताडलेलं असतं. तो मागे सरकून अँक्वान बोल्डिनच्या पुढ्यात येतो आणि गोलरेषेवर चेंडू थेट त्याच्या छातीवर येऊन पडतो.

आता पुढे शंभर यार्ड. हॅरिसन धावण्यासाठी बनलेला माणूस नाही. तो धडकण्यासाठी बनलेला. उजव्या कडेने तो निघतो, सहकारी वाटेत येईल त्याला आडवं करत जातात, तो एकाच्या अंगावरून जातो, दुसऱ्याच्या हातातून सुटतो आणि पलीकडच्या गोलरेषेवर लॅरी फिट्झजेरल्ड त्याला गाठून पाडतो तेव्हा तो जेमतेम रेषेपार कोसळलेला असतो. घड्याळात शून्य. पंचांनी पुन्हा पुन्हा चित्रफीत पाहून टचडाऊन कायम केला. हॅरिसन उताणा पडलेला, नंतर बाजूला प्राणवायू घेत बसलेला. १०-१४ व्हायच्या ऐवजी गुणफलक १७-७ झाला, म्हणजे एका डावात १४ गुणांची उलथापालथ. सामना शेवटी २७-२३ असा चार गुणांनी जिंकला. सामनावीर ठरला सँटोनिओ होम्स, त्याच्या शेवटच्या झेलामुळे, आणि त्यालाही माझी ना नाही. पण स्टीलर्सकडे आहेत त्या सहा ट्रॉफींपैकी सहावी या एका माणसाने सांगितलेलं न ऐकल्यामुळे आली, हे गुणफलकावर मोजून दाखवता येतं.

बाकी आकडे भराभर सांगतो. पाच वेळा प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. दोन सुपर बोल विजेतेपदं. नोव्हेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने जेसन गिल्डनचा ७७ सॅकचा संघविक्रम मोडला आणि स्टीलर्ससाठी एकूण ८०.५ वर थांबला. हा विक्रम २०२३ मध्ये टी. जे. वॉटने आपल्या नावावर केला. तुलनेसाठी: जोई पोर्टरचे स्टीलर्ससाठी ६० सॅक.

एवढ्यावर प्रकरण बंद व्हायला हवं होतं. होत नाही, कारण डिसेंबर २०१७.

वॉट त्याच वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला, दुसऱ्या कडेला बड डुप्री. ३९ वर्षांच्या हॅरिसनसाठी मैदानात जागाच उरली नव्हती. पूर्ण हंगामात तो फक्त पाच सामन्यांत उतरला. ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीत सामना हातून निसटायची वेळ आली तेव्हा त्याला आत सोडलं आणि त्याने ॲलेक्स स्मिथला पाडून तो सामना मिटवला. पुढच्या आठवड्यांत पुन्हा बाकावर. २३ डिसेंबरला निलंबन संपवून परतणाऱ्या मार्कस गिल्बर्टसाठी यादीत जागा करायची होती, म्हणून हॅरिसनला काढलं. तीन दिवसांनी तो पेट्रियट्सच्या पोशाखात होता.

तोही कोणत्या पेट्रियट्सच्या? ज्यांनी आठवड्याभरापूर्वी पिट्सबर्गमध्ये येऊन २७-२४ ने सामना नेला होता, शेवटच्या क्षणी जेसी जेम्सचा टचडाऊन पंचांनी रद्द केल्यामुळे. शहराच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबलेल्या, त्यात हे. सहकाऱ्यांनी मग मनातलं सगळं बाहेर काढलं: हा बैठकांमध्ये झोपायचा, लवकर निघून जायचा, इथे राहायचंच नव्हतं याला. पाउन्सीचं ते वाक्य याच आठवड्यातलं. हॅरिसनने स्वतःची बाजू मांडली ती अशी की खेळवत नसाल तर मला मोकळं करा, असं मी आधीच सांगितलं होतं.

यात कोण किती खरं, हा निवाडा करायची मला गरज वाटत नाही. सगळं सहकाऱ्यांनी सांगितलं तसंच घडलं असं धरून चालू. तरी प्रश्न उरतो तो हा की, संघ सोडताना कसं सोडलं, हा या दालनाचा निकष आहे का? नियमांत तो नाही. मग आतापर्यंत ज्यांना आत घेतलं त्यांच्याकडे बघू.

फ्रँको हॅरिस. १९७२ च्या त्या जगप्रसिद्ध झेलाचा धनी, ज्याच्याशिवाय स्टीलर्सचा इतिहास सांगता येत नाही. १९८४ मध्ये जिम ब्राउनचा १२,३१२ यार्डांचा विक्रम त्याच्या अगदी आवाक्यात होता. मानधनावरून बिनसलं, तो सरावाला आला नाही, संघाने त्याला सोडून दिलं. प्रशिक्षक चक नोल यांना त्याच्याबद्दल विचारलं तर त्यांनी उलट विचारलं, "कोण फ्रँको?" हॅरिस सिअ‍ॅटलला गेला, तिथे आठ सामन्यांत १७० यार्ड धावला आणि १२,१२० वर थांबला. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही परक्या पोशाखात. आज तो दालनाच्या पहिल्या २७ जणांत आहे आणि त्याचा ३२ क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला आहे. हा मान फक्त तीन खेळाडूंना मिळाला. तो सोहळा २४ डिसेंबर २०२२ ला झाला, हॅरिसच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांनी.

रॉड वुडसन तर याहून पुढे गेला. दहा हंगामांनंतर १९९७ मध्ये करार फिसकटल्यावर तो आधी सॅन फ्रान्सिस्कोला आणि मग थेट बाल्टिमोरला गेला. बाल्टिमोर म्हणजे स्टीलर्सच्याच गटातला, वर्षातून दोनदा समोर येणारा हाडवैरी. तिथे तो चार हंगाम खेळला, सुपर बोल जिंकला. हॅरिसनला पेट्रियट्सकडे ट्रॉफी मिळाली नाही. तो अंतिम सामन्यात ईगल्सकडून हरला. स्टीलर्सविरुद्ध तर तो त्या महिन्याभरात खेळलासुद्धा नाही, कारण जॅक्सनव्हिलने स्टीलर्सना आधीच ४५-४२ ने बाहेर काढलं होतं. वुडसनला पहिल्याच तुकडीत घेताना बाल्टिमोरचे चार हंगाम आडवे आले नाहीत, तर हॅरिसनचा न्यू इंग्लंडमधला एक महिना का यावा?

बिल डडली हा १९४६ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. प्रशिक्षकाशी पटेना म्हणून त्याला डेट्रॉइटला पाठवलं. तोही आत आहे. ॲलन फनेकाने २००७ मध्ये कराराबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली आणि पुढच्या वर्षी तो जेट्सकडे गेला. २०१८ च्या तुकडीत त्याचं नाव आहे. केव्हिन ग्रीन स्टीलर्सकडे १९९३ ते १९९५ एवढाच होता, म्हणजे काठावर पास होण्याइतके नेमके तीन हंगाम. त्या तिनात त्याने ३५.५ सॅक केले आणि तो आत आला. मला हा निर्णय पटतो. पण ज्या समितीला तीन वर्षांचा पाहुणा आपला वाटतो तिने चौदा वर्षं येत-जात राहिलेल्या घरच्याला उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नये.

आणि पोर्टरचंच घ्या. त्याला संघानेच काढलं, तो मायामीला गेला, तिथे त्याने स्टीलर्सबद्दल काही गोड शब्द राखून ठेवले नव्हते. त्याचा तोंडाळपणा हा त्याचा गुणच समजला जायचा.

म्हणजे निरोपाची कटुता हा निकष नाही, कधीच नव्हता. स्टीलर्समध्ये गोडीगुलाबीने निरोप घेणारे कमीच. मालक कुटुंबाची ख्याती याची आहे की भांडण विसरायला त्यांना वेळ लागतो, पण ते विसरतात.

हॅरिसनविरुद्ध खरोखर काही बोलायचं असेल तर ते दुसरीकडे आहे आणि ते कुणी फारसं काढत नाही, हेच मला या वादात सर्वांत खटकतं. मार्च २००८ मध्ये त्याला मैत्रिणीवर हात उचलल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. त्याने समुपदेशन पूर्ण केल्यावर आरोप मागे घेतले गेले. त्याच महिन्यात तशाच आरोपावरून सेड्रिक विल्सनला संघाने काढून टाकलं होतं; हॅरिसनला ठेवलं. दोन न्याय का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि संघाचं उत्तर समाधानकारक नव्हतं. त्यानंतरच्या हंगामात तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला, हे वाचताना अस्वस्थ वाटलं पाहिजे. ही घटना मोजू नये असं मी म्हणणार नाही. पण मग ती सर्वांसाठी मोजावी लागेल. लीगने २०१० मध्ये वर्तनाच्या नियमाखाली रॉथलिसबर्गरला सहा सामन्यांसाठी निलंबित केलं होतं, नंतर ते चारवर आलं. त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नव्हता. तो २०२५ मध्ये, पात्र होताच पहिल्याच वर्षी आत गेला. समितीने मैदानाबाहेरचं वर्तन मोजायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. तो निर्णय बरा की वाईट यावर वाद घाला, पण एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं चालणार नाही.

दुसरा आक्षेप मैदानावरचा. २०१० मध्ये डोक्यावर धडक देण्याविरुद्ध लीगने कडक धोरण घेतलं आणि त्याचा चेहरा हॅरिसन बनला. क्लीव्हलंडच्या मोहम्मद मासाक्वॉयला दिलेल्या धडकेसाठी एकट्या ७५,००० डॉलरचा दंड झाला. पुढच्या वर्षी कोल्ट मॅकॉयवरच्या धडकेसाठी एका सामन्याचं निलंबन. २०१० च्या दंडानंतर त्याने निवृत्तीची धमकी दिली, २०११ मध्ये एका मासिकाला मुलाखत देऊन आयुक्तांना शिव्या घातल्या आणि जाता जाता स्वतःच्या क्वार्टरबॅकलाही टोमणा मारला, मग माफी मागितली. आज आपण मेंदूच्या दुखापतींबद्दल जे जाणतो ते पाहता लीगचं बरोबर होतं, हॅरिसनचं चूक. स्टीलर्सच्याच माइक वेबस्टरचा मेंदू हा डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणाऱ्या सीटीई या मेंदूच्या रोगाच्या संशोधनात एनएफएल खेळाडूचा पहिला नमुना ठरला आणि वेबस्टर याच दालनात आहे. त्यामुळे हॅरिसनच्या पाटीवर त्या धडका गौरवाने कोरल्या जाऊ नयेत, एवढं मी मान्य करतो. त्याला बाहेर ठेवायला तेवढं पुरत नाही. त्या नियमापूर्वी तशाच धडकांसाठी टाळ्या मिळवलेले अर्धा डझन लोक आत आहेत.

ज्यांना हॅरिसनचं प्रकरण स्टीलर्सचा पास झेलणारा खेळाडू अँटोनियो ब्राउन याच्यासारखंच वाटतं, त्यांच्यासाठी दोन ओळी. ब्राउनने स्टीलर्ससाठी ८३७ झेल घेतले, ११,२०७ यार्ड मिळवले, सलग सहा हंगाम शंभरच्या वर झेल. आकड्यांत तो हॅरिसनपेक्षा कमी नाहीच. पण २०१८ च्या शेवटच्या, जिंकायलाच हव्या अशा सामन्यात तो खेळला नाही आणि मग आपल्याला इथून काढा म्हणून त्याने जो गोंधळ घातला, त्यामुळे संघाला एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बदल्यात ड्राफ्टमधली फक्त तिसऱ्या आणि पाचव्या फेरीची निवड मिळाली. हॅरिसन गेला तेव्हा संघाचं नुकसान शून्य होतं. संघाने त्याला स्वतः सोडलं होतं. ब्राउनचा दिवसही कधीतरी येईल, पण त्याला थांबायला लावण्यात अर्थ आहे. दोघांना एका माळेचे मणी समजणं हा आळस आहे.

तीन वर्षांची अट हॅरिसनने कधीच ओलांडली. त्याच्या पेट्रियट्समधल्या त्या महिन्याबद्दल कुणाला राग धरायचा असेल तर खुशाल धरावा, पाउन्सीनेही धरावा. पाउन्सीला समितीत मत नाही. ज्यांना आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हे नाव पहिलं घ्यावं, आणि पाटीवर कारकीर्द लिहिताना मधल्या काळातला सिनसिनाटी संघाकडचा एक हंगाम आणि न्यू इंग्लंडचा तो शेवटचा महिना गाळू नये. फ्रँको हॅरिसच्या आकड्यांतून सिअ‍ॅटलचे १७० यार्डही कुणी वजा केलेले नाहीत.